मास्तरांचे सात मणके

आमच्या ड्रिलमास्तरांनी उभ्या जन्मात कुणाचा चेहरा म्हणून पाहिला नसेल. ते पाठ पाहायचे. बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यातल्या बाजारात शे-दीडशे माणसं पुढे चाललेली असोत, मास्तर मागून बिनचूक नावानं हाक मारणार. तोच गृहस्थ समोरून नमस्कार करत आला, की मात्र मास्तरांच्या कपाळाला आठ्या. "आपण कोण? जरा वळा बघू." बिचारा भर रस्त्यात वळायचा, मग ओळख पटायची, मग घरच्या मंडळींची चौकशी. माझ्या वडिलांशी त्यांचा वीस वर्षांचा स्नेह होता, तो असा सगळा पाठमोराच.

हाडांचं वेड त्यांना जन्मजात नव्हतं, ते शाळेनं लावलं. आरोग्यशास्त्र हा विषय आला तेव्हा तो कुणालाच नको होता. ड्रिल म्हणजे शरीर आणि शरीर म्हणजे आरोग्य असा हिशेब करून हेडमास्तरांनी तीस पानांचं एक पुस्तक यांच्या हातात ठेवलं. पाठोपाठ नागपूरच्या शिक्षणखात्यानं कलकत्त्याहून मागवलेला एक खराखुरा सांगाडा शाळेला धाडला. झालं. मास्तर त्या दिवसापासून सांगाड्याचे झाले. आम्हाला ते 'ए गाढवा' म्हणायचे आणि सांगाड्याला 'हे'. "हे आता इथे उभे राहतील. यांच्या मानेत सात मणके, पाठीत बारा, कमरेत पाच आणि खाली नऊ. एकूण किती?" साठ पोरं कोकलायची, "तेहेतीस!" चुकणाऱ्याला छडी होती, आणि न चुकणाऱ्यालाही आठवण राहावी म्हणून एखादी मिळायची.

बरगड्यांवर तर त्यांनी अख्ख्या शाळेची मांडणी केली होती. बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात खऱ्या, म्हणजे छातीच्या हाडाला थेट धरून असलेल्या. पुढच्या तीन खोट्या, त्या वरचीच्या आधारानं लोंबतात. शेवटच्या दोन तरंगत्या, त्यांना पुढून कुणाचाच आधार नाही. हेडमास्तर खरी बरगडी. हेडमास्तरांच्या साल्याच्या वशिल्यानं लागलेले गणिताचे मास्तर खोटी. आणि चित्रकलेचे मास्तर, जे कधी यायचे आणि कधी जायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, ते तरंगती. हे त्यांनी वर्गात नावानिशी सांगितलं, आणि ते ऐकायला खोटी बरगडी नेमकी दारात उभी होती.

बाहेर लोक त्यांना मोठा जाणकार समजत, आणि मास्तर त्यांना तसं समजू देत. डोईफोडिया गावचा एक जण बैलगाडीवरून पडला, तो पाठ धरून यांच्याकडे आला. मास्तरांनी त्याला ओट्यावर पालथा घातला आणि त्याच्या पाठीवर बोट फिरवत तासभर माहिती दिली. शेवटी त्यानं कण्हत विचारलं, "पन इलाज काय, मास्तर?" मास्तर म्हणाले, "इलाज वैद्य करतो. मी नाव सांगतो." तो माणूस ताडकन उठला आणि चालू लागला, तेव्हा गुण आला म्हणायलाही हरकत नाही. पुतण्यासाठी मुलगी पाहायला बहादरपूरला गेले, तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे राहिलं बाजूला, "बाळ, जरा पाठमोरी हो." मुलीचा बाप केळीच्या बागांवर पोसलेला धिप्पाड माणूस. तो म्हणाला, "मास्तर, आमी पोरगी दाखवून राह्यलो, बैल नाही." लग्न जमलं खरं, पण त्या लग्नात मास्तरांना पंगतीत पार शेवटी बसवलं होतं.

आणि ज्यानं गावाला ताठ राहायला शिकवायचं, त्या मास्तरांची स्वतःची पाठ कशी? घड लागलेल्या केळीसारखी, पुढे ओणवलेली. मी शाळेत शिरलो तेव्हा ती बरी सरळ होती, पुढे पुढे वाकत गेली. कुणी बोललं तर म्हणायचे, "माझी पाठ वाकडी नाही. मी खाली पाहतोय."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण माझा त्यांच्यावर राग होता आणि तो मी पुष्कळ वर्षं जपला होता. सातवीत असताना काहीतरी खोडी केली म्हणून त्यांनी मला सांगाड्यासमोर तोंड करून उभं केलं. तास संपेना. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी मणके मोजले. तीनदा मोजले आणि मोठ्या अकलेनं ओरडलो, "मास्तर, हे तं सव्वीसच आहेत!"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "पुस्तकात तेहेतीस आहेत," ते म्हणाले, "म्हणजे तेहेतीस आहेत. किती कमी सांगितलेस?" मी म्हणालो, सात. "हात पुढे कर." कमी पडलेल्या एकेका मणक्यामागे एक, अशा सात छड्या मोजून बसल्या. रात्री आईनं हाताला हळद लावली, आणि खरं बोलू नये हे मी त्या दिवशी पक्कं शिकलो.

त्यानंतर मास्तरांचं काहीतरी बिनसलं. सांगाडा कपाटातून बाहेर येईना. दार अर्धं उघडून आतल्या आत बरगड्या दाखवायचे. त्याच्या कमरेला त्यांनी चक्क पंचा गुंडाळला. मास्तरांना हाडांचीही लाज वाटते म्हणून आम्ही किती हसलो! कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला गेली आणि तिथेच राहिली. शाळेच्या शिपायाला त्यांनी एकदा त्याचा कुत्रा काय काय खातो ते खोदून खोदून विचारलं. शिपाई चिडला, "साहेब, माझ्या कुत्र्याचं नाव काहून घेता? ते तं दिल्याशिवाय भाकरबी नाही खात." पुढे मास्तर मैदानातल्या लिंबाखाली खुरपं घेऊन उकरताना दिसले. बुऱ्हाणपुरात कुणी जमीन उकरली की लोकांना एकच सुचतं, बादशाही मोहरा. आठ दिवसांत निम्मा मोहल्ला त्या लिंबाभोवती खणत होता, आणि मोहरा तर नाहीच, लिंब मात्र पडला. खंडव्याला हेडमास्तरकी चालून आली, तीही त्यांनी नाकारली. बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. आम्ही म्हणालो, म्हातारा सांगाड्याच्या प्रेमात आहे.

मग राज्यच बदललं. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे. मी तोवर शिक्षण कचेरीत कारकून झालो होतो. नव्या सरकारला प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक वस्तूची यादी हवी होती, हिंदीत आणि तीन प्रतींत, आणि वस्तू कमी भरली तर ज्याच्या ताब्यात ती होती त्याची पेन्शन अडायची. आमच्या शाळेची यादी माझ्याकडे आली, मास्तरांना निवृत्त व्हायला दोन महिने असताना. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. 'असायला हवे' या रकान्यात मी घरूनच लिहून नेलं: मणके, तेहेतीस. माझा हातच मला ते सांगत होता.

मी कपाटासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, पंचा काढा. मोजायचं आहे."

मास्तरांनी किल्ली लावली, पण पंच्याची गाठ त्यांना सुटेना. मग ते खुर्चीत बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मोजू नकोस. सात कमी आहेत. तू सांगितलंस त्या संध्याकाळी मी मोजले, तेव्हा कळलं. बारा वर्षं शोधतोय रे. मी घेतले नाहीत, देवाशपथ. पण ताब्यात तर माझ्याच होते ना."

तो पंचा, तो कुत्रा, तो लिंब, ती नाकारलेली हेडमास्तरकी, आणि हा माणूस बारा वर्षं खाली कशासाठी पाहत होता, ते सगळं एकदम उभं राहिलं. मला माझी लाज वाटली. काहीतरी सुटका सापडेल म्हणून मी यादीबरोबर नेलेलं, नागपूरहून आलेलं जुन्या कागदांचं बासन तिथेच उघडलं. तळाशी कलकत्त्याचं मूळ बिल निघालं. इंग्रजी होतं, अडखळत वाचलं. सुटे मणके चोवीस. पाच मणके जुळून झालेलं हाड, नग एक. चार जुळून झालेलं माकडहाड, नग एक.

"मास्तर, सव्वीसच आले होते. काही हरवलं नाही."

मास्तर उठले. पंच्याची गाठ आता आपसूक सुटली. कमरेखालच्या त्या तिकोनी हाडावर ते बोट फिरवू लागले. त्यावर जुन्या सांध्यांच्या रेघा होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. "लहानपणी वेगळे असतील," ते पुटपुटले. "संस्थानं काल विलीन झाली, हे तर त्यांच्याही आधीचे." आणि ते हसले. मास्तरांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "तुला किती मारल्या होत्या रे?"

"सात."

ते माझ्याकडे वळले. मग जुन्याच आवाजात म्हणाले, "हात पुढे कर."

मी सरकारी कारकून, दोन लेकरांचा बाप. पण हात आपोआप पुढे गेला. त्यांनी करदोट्याची किल्ली सोडून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

मी यादीतले तेहेतीस खोडून सव्वीस लिहिले. पेन्शन वेळेवर सुरू झाली. त्यानंतर ते मला शनवाऱ्यात अधूनमधून भेटायचे, मागूनच हाक मारून. तसेच ओणवे, नजर जमिनीवर. एकदा मी थट्टेनं म्हणालो, "मास्तर, आता कशाला खाली पाहता? सगळे सापडले ना?"

"सापडले रे," मास्तर म्हणाले. "पण आता मान वर होत नाही."