डिंकाचे लाडू आणि ओमानची परात

माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी केलेले डिंकाचे लाडू मी ओमान देशात वाटून संपवले. असं मुद्दाम कोणी करत नाही. मीही केलं नव्हतं.

आमची रेवती नवऱ्याबरोबर तिकडे निझवा गावाजवळ राहते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला साफ मनाई केली. मग पाथरीचं माहेरच उठून ओमानला गेलं. माहेर म्हणजे मी, माझी बायको मंगल आणि दोन डबे डिंकाचे लाडू. बाळंतिणीची झिजलेली कंबर या लाडवांशिवाय उभी राहत नाही, हे मंगलचं पक्कं मत. विमानतळावर एका साहेबाने डबा उघडायला सांगितला, तेव्हा तिने तो अशा नजरेने उघडला की साहेब वाकून बघण्याऐवजी एक पाऊल मागे सरकला.

मी निवृत्त भूगोल शिक्षक. अरबस्तानचा धडा आला की फळ्यावर वाळूच्या तीन टेकड्या, एक खजुराचं झाड आणि एक उंट काढायचो. (उंट पुष्कळदा म्हशीवर जायचा, पण मुलं समजून घ्यायची.) तीस वर्षं हेच चित्र. निझव्याला पहिल्या सकाळी गच्चीवर गेलो, तर वाळूचा कण नाही. समोर उघडेबोडके, तांबूस करडे डोंगर आभाळापर्यंत चढलेले. त्यांच्या पायथ्याला खजुरीची गर्द हिरवी बाग, बागेपलीकडे मातीच्या रंगाचा गोल बुरूज. उंट एकच दिसला. तो छोट्या टेम्पोत बसून रुबाबात कुठेतरी निघाला होता. शहाण्या माणसाने इथून पुढे अरबस्तानाविषयी तोंड बंद ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. त्यांना सगळे उम्म सालिम म्हणत, म्हणजे सालिमची आई. हातात स्टीलचं वाडगं, वाडग्यात केशर-वेलदोड्याचा घट्ट, चकचकीत हलवा. त्यांना अरबीच येत होतं, मंगलला मराठीच. दोघी दहा मिनिटं छान बोलल्या. रेवतीच्या पोटाकडे बोट दाखवून आजींनी वर हात केले, गालाला हात लावला आणि गेल्या.

हलवा संपला, वाडगं राहिलं. मंगल म्हणाली, "राहू द्या हितंच. मागितलं की देऊ." तेवढ्यात माझ्यातला मास्तर जागा झाला. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात; तेव्हा तिकडेही तसंच असणार, हे मी मनातल्या मनात ठरवलं आणि ठरवलेलं लगेच शिकवायला लागलो. "अरबांत आलेलं भांडं ठेवून घेणं म्हणजे घोर अपमान. त्याच दिवशी परत करावं लागतं. आणि भरून."

"कुणी सांगितलं?"

"वाचलंय मी."

मंगलने पीठ भिजवायला घेतलं. दोन धपाटे घालून देऊ म्हणाली. मी आडवा आलो. परदेशात पाथरीची अब्रू धपाट्यावर ठेवायची? हातात तयार, शोभेल असा जिन्नस एकच होता. पाच लाडू वाडग्यातून शेजारी गेले.

तिसऱ्या दिवशी पातेलं आलं. वाडग्यापेक्षा मोठं, आत काळेभोर ओलसर खजूर. मी नियमाला जागलो. पातेल्यात पाच लाडू केविलवाणे दिसले, म्हणून आठ घातले. त्याच्या दोन दिवसांनी झाकणाचा डबा आला. गव्हाची पातळ पोळी आणि डोंगरातला मध. नऊ लाडू गेले. पुढे पितळी थाळा आला. भांडं दरवेळी वाढत होतं, पहिला डबा संपला होता आणि दुसऱ्याचा तळ दिसायला लागला होता.

मंगलने मला गच्चीवर नेलं. खालच्या आवाजात बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आवो, लेकरू आठ-दहा दिवसांत व्हायचंय. पोरीच्या तोंडात काय घालू मी? हितं ना तसला डिंक मिळायला, ना गावरान तूप. तिच्या कमरेचं काय?" डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं. मी म्हणालो, आज जाऊन प्रकरण कायमचं मिटवून येतो.

सालिमभाई पन्नाशीचे, फौजेतून निवृत्त झालेले. फौजेतल्या बलुची दोस्तांकडून त्यांनी हिंदी उचललं होतं आणि मी माझं परभणीचं हिंदी घेऊन गेलो होतो. थाळा (शेवटच्या सात लाडवांपैकी चार घालून) त्यांच्या हातात दिला आणि विषय काढणार, तोच ते गाडीत बसत म्हणाले, "उस्ताद, पहाड में हमारा गाँव है. चलो." मी बसलो. परक्या देशात नाही म्हणणं वाईट दिसतं, असंही मी कुठेतरी वाचलं असावं.

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी आभाळाकडे नाक करून चढत होती आणि खाली दरी इतकी खोल की मी भूगोल सोडून देवाचं नाव घेत होतो. वर पोचलो तर डोंगराच्या छातीवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, डाळिंबाची झाडं, मातीची घरं. आणि पाणी. डोंगराच्या पोटातून निघालेला हातभर रुंदीचा दगडी पाट घरासमोरून, मशिदीमागून, प्रत्येक वाफ्याच्या उशाने शांतपणे चालला होता. फलज म्हणतात त्याला. एका मोकळ्या जागी जमिनीत काठी रोवलेली, तिच्याभोवती खुणा. सावली ज्या खुणेवर, त्या घरची पाण्याची पाळी. एक म्हातारबाबा सावली बघून उठले, पाटाच्या तोंडातला दगड आणि फडकं काढलं, दुसऱ्याच्या वाफ्याला लावलं आणि परत येऊन बसले. भांडण नाही, शिवी नाही.

जायकवाडीच्या कालव्याच्या पाळीवरून कुदळी घेऊन उभे राहणारे लोक ज्याने बघितले आहेत, त्याला हे पाहून गहिवरून येणारच. मी सालिमभाईंना विचारलं, "चोरी से पाट कोई फोडता नै क्या?" त्यांना प्रश्न कळेना. तीनदा समजावला. मग म्हणाले, "पानी को? क्यों?" यावर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं, पण जिल्ह्याची अब्रू आठवली.

त्यांच्या काकांच्या बैठकीत लोडाला टेकून मी बिनसाखरेचा कहवा प्यालो, गुलाबपाणी काढायची भट्टी बघितली, सावलीच्या काठीचं गणित वहीत उतरवून घेतलं. काकांनी माझ्या मानाचा बोकड आणून दाखवला. मी शाकाहारी आहे हे ऐकून काका दुःखी झाले आणि बोकड टवटवीत झाला. या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली. ज्यासाठी आलो होतो ती.

परत आलो तो परात घेऊन. बोकडाच्या बदल्यात काकांनी डाळिंबं आणि अक्रोड भरून दिले होते. परात एवढी की दारातून तिरपी करून आत न्यावी लागली. मंगलने उरलेले तीन लाडू आणले, परातीच्या मधोमध ठेवले आणि आत निघून गेली. परात मी शेजारी पोचवली. नियम तो नियम. त्यानंतर आठवडाभर मंगल माझ्याशी रेवतीमार्फत बोलत होती.

मग रेवतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. पोर माझ्या हातात देताना मंगलच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण रिकाम्या डब्यांकडे नजर गेली की ते मावळायचं. रेवती "आई, राहू दे ना" म्हणत होती आणि उठताना कमरेला हात लावत होती. तो हात बघून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. उम्म सालिम पुढे, मागे सालिमभाई, त्यांच्या दोन्ही हातांत तीच परात, वर पांढरं फडकं. आता भरायला घरात मीठ आणि रवा होता.

आजींनी फडकं काढलं. परातीत लाडू होते. आमचे. वाडग्यातले पाच (एकाचा कोपरा तेवढा तुटलेला), पातेल्यातले आठ, सगळे ओळीने लावलेले. बाजूला मेथी घातलेल्या तुपाचा गडू आणि मधाची बाटली.

सालिमभाई अवघडून म्हणाले, "अम्मा ने पहले दिन एक चखा था. बोली, इसमें गोंद है, ये तो जच्चा का खाना है. संभाल के रख दिया." आजी अरबीत आणखी काही बोलल्या. ते म्हणाले, "अम्मा पूछती है, बर्तन क्यों वापस करते थे? बर्तन तो तुम्हारी बेटी के घर के लिए था. अम्मा को लगा छोटा है, पसंद नहीं आया. इसलिए हर बार बड़ा भेजा."

मंगलने आजींना घट्ट मिठी मारली आणि रडली. रेवती रडली. बाळ तर रडतच होतं. मग सालिमभाईंनी सरळ मनाने विचारलं, "उस्ताद, वापस करने का किसने बोला था?" मी खिडकीतून डोंगराचं निरीक्षण करू लागलो.

मंगलने डोळे पुसले. पहिला लाडू रेवतीला भरवला. मग एक आजींना, एक सालिमभाईंना, एक जावयाला. मी हात पुढे केला. तिने परात उचलली.

"अरबांत मास्तराला लाडू देत न्हाईत," ती म्हणाली. "लय अपमान समजतात. वाचलंय मी."

सालिमभाईंना मराठीचं अवाक्षर येत नव्हतं. पण त्यांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली की, अशी प्रथा असावी खरी, असं क्षणभर मलाही वाटून गेलं.