बायकोच्या दाताचा नंबर

जग माणसाला तोंडावरून ओळखतं, दंतोपंत तोंडाच्या आतून ओळखायचे. दंतोपंत हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि ब्रिज बनवत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोकांनी दुसरं काय म्हणावं?

लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीशी पंतांचं टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, केसाएवढ्या टोकाचे ब्रश, दात घडवायच्या चिनी मातीच्या भुकटीच्या बाटल्या, आणि बाजूला मिक्सरपेक्षा जराशी मोठी भट्टी. दवाखान्यांतून प्लास्टरचे जबडे यायचे आणि प्रत्येकासोबत एक चिठ्ठी, कुठला दात आणि कुठला नंबर. नंबर म्हणजे रंगाचा. दात पांढरे असतात असं ज्याला वाटतं त्याने आरसा नीट पाहिलेला नाही, असं पंतांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडे सोळा नमुना-दातांची पट्टी होती. ए-वन सगळ्यात उजळ, मग ए-टू, ए-थ्री आणि पंतांच्या भाषेत ए-साडेतीन, असं करत करत रंग गडद होत जायचा.

या पट्टीने पंतांची नजर पार बिघडवून टाकली होती. कुणी भेटला की नमस्काराआधी त्यांचं लक्ष दातांवर. "तो बँकेतला हो, ए-थ्री, डावा सुळा फिरलेला," असं सांगून ते माणसाची आठवण करून द्यायचे. बायको कपाळावर हात मारायची. "लोकांच्या डोळ्यांत बघून बोला की जरा! समोरच्याला वाटतं, तोंडाला काही लागलंय."

बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. चार मशीनं एकदम घरघरत असली तरी तिचं हसणं रस्त्यावर ऐकू जायचं. तिला हसायला विनोदच लागायचा असंही नाही, कुणी शिंकलं तरी पुरे. दोष एकच, दोरा कात्रीने कापायचा नाही, दाताने तोडायचा. पंतांनी वर्षानुवर्षं दाताच्या कण्या केल्या, पण ऐकेल तर शपथ. "कात्री सापडेपर्यंत माझा पडदा शिवून होतो," हे तिचं ठरलेलं उत्तर.

आणि एक दिवस जाड नायलॉनच्या दोऱ्याने पुढचा दात अर्ध्यात मोडला. तुकडा रुमालात बांधून ती घरी आली. "झालं तुमच्या मनासारखं! घ्या, घरबसल्या काम आणलंय," म्हणाली आणि त्या मोडक्या दातासकट खो-खो हसली.

डॉक्टरीणबाईंनी रूट कॅनल केलं, कॅप बसावी म्हणून दात घासून बारीक केला, माप घेतलं. रंगाचा नंबर ठरवायला पट्टी उचलली, तशी शेजारी उभ्या असलेल्या पंतांनी हात आडवा केला.

"ते राहू द्या मॅडम. एकोणतीस वर्षं हिच्यासमोर बसून जेवतोय. मला पट्टी कशाला?"

दुसऱ्या कुणाच्या दाताला पट्टी लावली नसती, तर याच पंतांनी चिठ्ठी परत पाठवली असती. पण घरचं म्हटलं की शहाण्याची अक्कलही सुट्टीवर जाते. आठवडाभर त्यांनी त्या दाताला कुणाला हात लावू दिला नाही. थरावर थर चढवले, तीनदा भाजला, पुन्हा घासला. दात झाला मात्र देखणा. डॉक्टरीणबाईंनी तो कच्च्या सिमेंटने बसवला. दोन आठवडे वापरून बघायचा आणि मग पक्कं सिमेंट, अशी पद्धत.

पहिली पावती पंतांच्या थोरल्या बहिणीने दिली. अक्कांच्या जिभेला हाड नव्हतं. "अगंबाई, काय चमकतोय गं! आता बाकीच्यांनाही रंग लावून घे."

बायको ओठ मिटून हसली. त्या दिवसापासून तिचं हसणं बंद झालं.

पंतांना आधी वाटलं, हिरडी दुखत असेल. मग पाहिलं, तर हसू आलं की तिचा हात तोंडावर जायचा. दुकानातल्या बायकांनी पंतांना रस्त्यात गाठून विचारलं, "ताईंना बरं नाही का हो?" घरात जेवताना इतकी शांतता, की पंतांना स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला. ते घाबरले. त्या हसण्यावरच आपलं घर चालतं, हे त्यांना ते थांबल्यावर कळलं.

"दुखतोय का?"

"नाही."

"उंच लागतोय? जीभ अडते?"

"नाही हो. चांगला झालाय. एवढा जीव ओतलाय तुम्ही."

त्या 'चांगला'ने पंतांची झोप उडाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती बिचारी तक्रार तरी कुणाकडे करणार?

पक्क्या सिमेंटला दोन दिवस उरले, तेव्हा पंत सदऱ्याच्या खिशात लॅबमधली पट्टी घालून घरी आले. भर दुपारी बायकोला खिडकीशी उभं केलं आणि म्हणाले, "दाखव दात."

नव्या दाताला पट्टी लावली. ए-वन. त्याच्या शेजारच्याला ए-वन लावून पाहिला, छे. ए-टू नाही. ए-थ्रीसुद्धा नाही. ए-साडेतीनवर हात थांबला, आणि पंतांना आपण काय करून बसलो ते उमगलं. ए-वन तिचाच नंबर होता, पण लग्नाच्या दिवशीचा. तेवीस वर्षांची नवरी तोंडभर हसली होती, तो रंग त्यांनी डोळ्यांत घेतला आणि पुन्हा कधी तपासलाच नाही.

"म्हणजे एकोणतीस वर्षं समोर बसून मी तुला पाहिलंच नाही," पंत पुटपुटले.

"पाहिलंत की. एकदा पाहिलंत, ते पक्कं बसलं." मग ती पट्टीकडे बघत हळूच म्हणाली, "आरशात बघते, तर त्या एका दाताशेजारी मी सगळी म्हातारी दिसते. मला वाटलं, यांना मी अजून तशीच हवी असेन."

पंतांनी पट्टी खिशात टाकली. म्हणाले, "नाही गं. मला ही हवी. जी हसते ती."

मग ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. शेजारचा खरा दात त्यांनी तासभर पाहून कागदावर उतरवला. हिरडीजवळचा चहाचा पिवळेपणा, मधून गेलेली बारीक चीर, कडेला दोऱ्याने पडलेली खाच.

"खाचही काढणार?" बायकोने विचारलं.

"काढणार."

"म्हणजे दोरा तोडायला परवानगी?"

"खबरदार!"

तिला हसू फुटलं, पण हात पुन्हा तोंडाशी गेलाच.

दुसरा दात तयार झाला, तेव्हा लॅबमधला भट्टीवाला तो उचलून म्हणाला, "पंत, यावर डाग पडलाय."

"पडलेला नाही, पाडलाय," पंत म्हणाले आणि दात डबीत घालून स्वतः दवाखान्यात निघाले.

डॉक्टरीणबाईंनी जुना दात उतरवला, नवा नुसताच चढवून पाहिला आणि बायकोच्या हातात आरसा दिला. तिने आरसा जवळ नेला, लांब धरला, मान इकडे केली, तिकडे केली. डॉक्टरीणबाईंनी तोवर काचेवर पक्कं सिमेंट कालवायला घेतलं.

"अहो," बायको म्हणाली, "यातला तुमचा कुठला?"

विचारलं आणि तिचं तिलाच हसू आलं. दोन्ही हातांनी आरसा धरलेला, त्यामुळे तोंड झाकायची सोयच नव्हती. मग जे सुटलं ते सुटलंच. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट दाराशी येऊन डोकावले. न चिकटवलेला दात खाली पडेल म्हणून पंतांनी तिच्या हनुवटीखाली तळहात धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पंत, वहिनींना थांबवा हो," डॉक्टरीणबाई ओरडल्या, "सिमेंट घट्ट होतंय!"

"होऊ द्या," पंत म्हणाले. "दुसरं कालवा."