गर्दी ओसरल्यावर उतरलो

माझी थोरली जाऊ माझ्याहून बरीच मोठी. मी तिला आक्का म्हणते. निमगाव सावात आमची घरं शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त गोठा. तिचा मुलगा फ्लोरिडात नोकरी करतो. तो लहान असताना आक्का शेतात असायची आणि मी शाळेतून आले की त्याचा अभ्यास घ्यायची, त्यामुळे तो आम्हा दोघींच्या हाताखाली वाढला. त्यानं आईला तिकडं बोलावलं तेव्हा आक्कानं फोनवर एवढंच सांगितलं, की धाकटी आली तर मी येते. भावजींनी आणि आमच्या ह्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. द्राक्षाचे मणी फुगायला लागले होते आणि अशा वेळी दोघांनाही बागेतून हलायचं नव्हतं. मी नुकतीच शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. मला नाही म्हणायला कारण सांगता येईना, आणि खरं तर सांगायचंही नव्हतं.

पोरानं कॅरिबियन समुद्रातल्या बोटीची सहल ठरवून ठेवली होती. तो, त्याची बायको, चार वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघी. बोट म्हणजे पाण्यावर उभं केलेलं अख्खं मंचर गाव. दुकानं काय, जिने काय, आणि दिवसभर जेवण. आक्का पहिल्या दिवशी जेवणाच्या दालनात नुसती फिरली आणि शेवटी दहीभात घेऊन बसली. रात्री खोलीत तिनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली तेव्हा मला हायसं वाटलं.

पहिल्या बंदरात आमच्यासारख्या आणखी तीन बोटी लागलेल्या होत्या. पोरानं समुद्रकिनाऱ्यावर नेणाऱ्या बसचं आगाऊ ठरवलं होतं. आमच्या छातीवर गोल स्टिकर लावले होते आणि पुढं एक बाई हातात पिवळी पाटी धरून चालत होती. पाटीच्या मागं चालायचं, एवढंच काम, असं पोरानं बजावलं होतं. पण चारही बोटींतली माणसं एकाच वेळी धक्क्यावर उतरलेली. ऊन मी म्हणत होतं. टॅक्सीवाले हाका मारत होते, कोणी वेण्या घालून देतो म्हणत होतं, कोणी टोप्या पुढं करत होतं. नातीला शू लागली म्हणून सूनबाई तिला घेऊन बाजूला गेली, पोरगा त्यांच्याकडं वळला, आणि आम्ही दोघी पिवळ्या पाटीमागं चालत राहिलो. बऱ्याच वेळानं पाटी एका दागिन्यांच्या दुकानाशी थांबली. ती बाईच वेगळी होती.

फोन पोराकडं होते. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. आक्का म्हणाली, जिथं आहोत तिथंच बसू, शोधत येईल. तो आला, पण तोवर बस निघून गेली होती. त्याचा शर्ट घामानं भिजला होता आणि चेहरा उतरला होता.

"आई, तुला एक गोष्ट सांगितली होती ना? एकच."

मी मध्ये पडायला गेले तर त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लहानपणी तो घाबरला की असाच चिडायचा, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, तरी बोलणं लागायचं ते लागलंच. त्या संध्याकाळी जेवताना फक्त नात बोलत होती.

दुसऱ्या दिवशी बोट कुठंच लागली नाही, सगळीकडं पाणीच पाणी होतं. आक्का दिवसभर खोलीच्या खिडकीशी बसली. संध्याकाळी पोरगा उद्याचा बेत सांगायला आला. उद्या जमैका, धबधबा बघायचा, लवकर निघायचं.

आक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. "तुमी तिघं जा बाळा. आमी उद्या उतरत न्हाई."

तो तसाच निघून गेला. नंतर मी आक्काला म्हटलं, त्याला वाईट वाटलं असेल. ती म्हणाली की असेल, पण त्याच्या पायात आपण दोघी लोढण्यासारख्या अडकलो तर त्याला आणखीच वाईट वाटेल. तिच्या मनात राग नव्हता. तिला पोराची दया येत होती. नोकरीतून कशीबशी सुट्टी काढलेला माणूस, आणि सुट्टीतही नोकरीवर असल्यासारखा पळत होता.

सकाळी सगळी बोट उतरून गेली. वरच्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. रोज जिथं पाय ठेवायला जागा नसायची त्या पोहण्याच्या हौदाशी आम्ही दोघीच. साड्या गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात पाय सोडून बसलो. साफसफाई करणाऱ्या एका माणसानं आम्हाला हसून हात केला. आक्का माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होती, तिच्या चुलत्यानं तिला कमरेला दोर बांधून कसं पोहायला शिकवलं ते. इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. घरात आम्हाला असं रिकामं बसायला कधी मिळालंच नव्हतं.

ऊन चढल्यावर आक्का कठड्यापाशी गेली आणि खाली बघू लागली. धक्का मोकळा पडला होता. फाटकाबाहेरचे टॅक्सीवाले झाडाखाली बसले होते.

"आता गेली बघ गर्दी. चल, जरा पाय मोकळे करून येऊ."

मी म्हटलं, पोराला विचारलं नाही. ती म्हणाली, विचारायला तो कुठं आहे? मग आम्ही आमची बोटीची कार्डं गळ्यात अडकवली आणि उतरलो. पर्यटकांची दुकानं उजवीकडं होती, म्हणून डावीकडं वळलो. बोट दिसत राहील एवढंच लांब जायचं असं ठरवलं. थोडं चाललो तर गावातल्या लोकांचा भाजीबाजार लागला. केळी, सुरण, माठाची जुडी बघून आक्का थबकलीच. पुढं एक वयस्कर बाई खोक्यावर बसून शेंगा सोलत होती. हिरव्यागार तुरीच्या शेंगा.

आक्कानं एक शेंग उचलली, बघितली, सोलली, आणि दाणे तोंडात टाकले. मी घाईघाईनं इंग्रजीत सांगायला लागले, की आमच्या शेतातही ही असते. त्या बाईचं इंग्रजी मला निम्मंच समजत होतं आणि माझं तिला. पण ती हसली आणि बाजूचं रिकामं खोकं पुढं सरकवलं. आक्का बसली आणि शेंगा सोलायला लागली. बाईनं सांगितलं, की नाताळात ते हे दाणे नारळाच्या दुधात भातासोबत शिजवतात. मी मराठीत सांगितल्यावर आक्कानं विचारलं, मिरची घालता का? बाईनं एक अख्खी मिरची उचलून दाखवली. आक्काला ते पटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर रस्त्यानं आमचा पोरगा येत होता, लेक खांद्यावर, मागून सूनबाई. धबधब्याशी एवढी रांग होती की ते अर्ध्यातून परतले होते. फाटकाकडं वळताना लांबूनच त्याला आईची हिरवी साडी दिसली.

मला वाटलं, आता परत बोलणं खावं लागणार. तो जवळ आला. मग लेकीला खाली उतरवलं आणि तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसला.

"आई, मला तुला सगळं दाखवायचं होतं गं."

"मग दाखव की. कोण न्हाई म्हणतंय? पण जरा बस आधी. आल्यापास्नं तू बसलेला मी बघितला न्हाई."

त्यानं मान खाली घातली आणि एक शेंग घेतली. त्याला ती नीट सोलता येईना. आक्कानं त्याच्या हातातून घेऊन सोलून दिली, आणि नातीनं ते दाणे खाऊन टाकले. सूनबाईनं त्या बाईकडून केळी विकत घेतली आणि तिथंच सगळ्यांनी खाल्ली, कारण बोटीवर भाजी-फळं नेऊ देत नव्हते.

तिसऱ्या बंदरात पोरानं काहीच ठरवलं नाही. नाश्ता करत बसलो, लोक उतरून गेल्यावर निघालो. सगळं छान झालं असं मात्र नाही. जवळचा किनारा माणसांनी फुलून गेला होता, खुर्ची मिळाली नाही, आणि परतताना सगळ्यांसारखेच आम्हीही लांबलचक रांगेत उन्हात उभे राहिलो. पण मधल्या वेळात आक्का साडीसकट समुद्रात गेली. कमरेएवढ्या पाण्यात पोरगा तिचा हात धरून उभा होता. लाट आली की ती त्याला म्हणायची, घाबरू नको, आणि तो हसत होता. मी आणि सूनबाई वाळूत चपला सांभाळत बसलो होतो.

गावी आल्यावर भावजींनी विचारलं, काय काय बघितलं? आक्कानं बोटीचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं, तुरीचं तर फारच सांगितलं. गर्दीत आम्ही चुकलो होतो ते सांगितलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला.