बिस्किटच्या पाठीवरचे कोरडे डाग

माझी बायको सुचित्रा वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला जखमा होऊ नयेत, हे बघायचं तिचं काम. कुशीवर वळवा, खाली मऊ पॅड सरकवा, कातडी तपासा. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठी सांभाळतेय. माझी पाठ दुखली की मात्र "जरा चालून ये" म्हणते, ते सोडा.

दर शनिवारी ती रिचमंडच्या पुढे एका तबेल्यात जाते आणि घोड्यांच्या पाठी चाचपते. लोकांना वाटतं, हौस आहे. हौस कसली डोंबलाची!

चार वर्षांपूर्वी आमच्या लेकीला, मितालीला, बॅरल रेसिंगचं खूळ लागलं होतं. तीन पिंपांभोवती घोडा भरधाव वळवायचा. तेव्हा ती तेरा वर्षांची. आम्ही बिस्किट नावाचा तांबूस घोडा घेतला. खोगीर मी आणलं, ऑनलाइन, नुसती नक्षी बघून. त्यातही प्रकार असतात हे मला काय ठाऊक! या शर्यतीला हलकं, खोल बैठकीचं खोगीर लागतं. मी आणलं ते दोर टाकून वासरं धरणाऱ्यांचं, वजनाला धोंडा, पुढे दोर गुंडाळायला जाडजूड खुंटा. वर त्याचा आतला लाकडी सांगाडा बिस्किटच्या खांद्यांना अरुंद.

महिन्याभरात खोगीर दिसलं की बिस्किट कान मागे पाडायला लागला, चावायला यायचा. सुचित्राने वॉर्डात केलं असतं तेच केलं. खाली आणखी एक जाड पॅड घातलं. घट्ट बुटात दोन-दोन मोजे घातल्यावर पायाचं काय होतं? तेच झालं. खोगीर उतरवलं की घामाने भिजलेल्या पाठीवर खांद्यांपाशी दोन कोरडे डाग दिसायचे. ही म्हणायची, "बघ, पॅड किती छान घाम शोषतंय!"

एक दिवस त्याने मितालीला फेकलं. कॉलरबोन मोडलं. माझं डोकंच फिरलं. "घोडाच वाईट आहे," म्हणालो आणि आठवड्यात विकून टाकला. घेणारा कत्तलखान्याला घोडे पुरवायचा, हे नंतर कळलं.

डागांचा अर्थ सुचित्राला वर्षभराने, ते खोगीर विकायला ती या तबेल्यात गेली तेव्हा, तिथे खोगीर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितला. तिथे इतका दाब पडतो की घामसुद्धा फुटत नाही. तबेल्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ती तासभर रडली. तेव्हापासून हे शनिवार सुरू झाले. मितालीला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. तिने घोड्यांचं नावच टाकलं होतं. कोणी बिस्किटबद्दल विचारलंच तर म्हणायची, "ही वॉज जस्ट मीन."

परवाच्या शनिवारी लर्नर लायसन्सवर गाडी चालवायचे ठरावीक तास भरायचे म्हणून मिताली गाडी चालवत आली. मी बाजूला जीव मुठीत धरून. तबेल्यात लीना नावाची एक मुलगी नुकतीच घोडीवरून उतरली होती. "हिला सोमवारी न्यायला येतायत," ती सुचित्राला म्हणाली. "फार चावरी झालीय. कुठे जाईल ते माहितीय मला, पण करू काय?"

तिने खोगीर उचललं. ओल्या पाठीवर खांद्यांपाशी दोन कोरडे डाग.

"खोगीर टोचतंय गं तिला," सुचित्रा म्हणाली.

"छे! मी डबल पॅड घातलंय."

मिताली शेजारीच उभी होती. मला वाटलं, आता नको, घरी बोलू. पण घोडीकडे सोमवारपर्यंतच वेळ होता.

"मीपण डबलच घातलं होतं," सुचित्रा म्हणाली. बोलत लीनाशी होती, बघत मितालीकडे. "आमच्या बिस्किटला. तो वाईट नव्हता. त्याला दुखत होतं, ते तो सांगत होता. मी नर्स असून मला कळलं नाही."

"खोगीर मी आणलं होतं," मी म्हणालो. "आणि विकलाही मीच." एवढं बोलायला मला चार वर्षं लागली, लाज वाटते सांगायला.

"व्हेअर इज ही नाऊ?" मितालीने विचारलं.

सुचित्राने सांगितलं. काही लपवलं नाही.

लीनाने तिथल्या तिथे फोन करून सोमवारच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मिताली घोडीजवळ गेली. घोडीने कान पाडले, तरी ती हटली नाही. तिने एका डागावर अलगद तळहात ठेवला. मग एरवी आम्हाला इंग्रजीतच उत्तर देणारी माझी पोर मराठीत म्हणाली, "आई, मी त्याला बाय पण नाही केलं."