अरिशतचा पालथा चंद्र

रोमच्या सम्राटाचा मान राखावा म्हणून राजाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या इओल शहराचे नाव कैसरिया ठेवले. नाव बदलले, टांकसाळीतल्या घणाचा नाद मात्र तोच राहिला. त्या नादात अरिशतचा संसार झाला. तिचा नवरा मुत्तुन नाण्यांचे ठसे कोरी, आणि त्याने घरी आणलेल्या कामावर तिचीही छिन्नी चाले. मुत्तुन तापाने गेला. शोकाचे दिवस सरताच ती टांकसाळीच्या दारात उभी राहिली.

"मुत्तुनची जागा मला हवी," ती म्हणाली.

टांकसाळीचा अधिकारी थेरॉन, ग्रीक माणूस. तो म्हणाला, "बाई, अलेक्झांड्रियाहून कारागीर निघाला आहे. त्याचे जहाज लागायच्या आत नाण्यावर राणीसाहेबांची खूण म्हणून चंद्र असतो, त्याचा ठसा करून दाखवा. नीट उतरला तर जागा तुमची. नाहीतर बंदरावर कोळ्यांची जाळी आहेतच विणायला."

तिने कोरले. कसे कोरले म्हणाल, तर देवी तानितच्या पायाशी दिवा लावावा तसे. एकेका रेषेत जीव ओतून. घणकरी मस्तनने तापलेली चांदीची चकती ठशाखाली ठेवून घण घातला. नाणे पाहून थेरॉनच्या कपाळाला आठी पडली.

"हा चंद्र पालथा का?"

अरिशतने पाहिले. आमच्या स्मशानातल्या प्रत्येक दगडावर चंद्रकोरीची टोके खाली वळलेली असतात. लहानपणापासून हाताला तेच वळण. हाताने विचारलेच नाही.

"आमचा चंद्र मेलेल्यांवर चांदणे ओततो," मस्तन म्हणाला.

"राणीसाहेब जिवंत आहेत," थेरॉन म्हणाला. "त्यांचा वर तोंड करून असतो."

मस्तन तिच्या कानाशी लागला. "ताई, ठसा फिरवून ठोकू का?"

"मग चंद्राखालचे राणीचे नाव वर जाऊन डोक्यावर उभे राहील. राणीला कसरत करायला लावतोस?"

बिघडलेला ठसा खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या हाती पडू नये, म्हणून ज्याने कोरला त्यानेच सर्वांसमक्ष फोडायचा, हा टांकसाळीचा नेम. अरिशतने घण उचलला. आपले सुंदर काम आपल्याच हाताने मोडणे, याहून कठोर तप कोणते? ती रडली नाही. ठशाचे तुकडे झाले, आणि तिने कांशाचा नवा ठोकळा मागून घेतला.

पण मनगट ऐकेना. कोरण्याआधी ठोकळ्यावर लावलेल्या मेणावर रेघ ओढली, की कोर आपसूक खाली वळे. ती पुसे, पुन्हा ओढे, पुन्हा पुसे. तिकडे जहाजाचे शीड दिसल्याची हाळी आली.

"आटपलं म्हणायचं का, ताई?" मस्तनने विचारले.

ती उठली. बसायची चौकी उचलून ठोकळ्याच्या पलीकडल्या बाजूला मांडली आणि तिथे बसली. मग मनगटाला मोकळे सोडले: कोर, बाबा, तुझा चंद्र. कोरून झाल्यावर ती पहिल्या जागी आली आणि चंद्राखाली राणीचे नाव कोरले. हात तोच, चंद्र तोच. बसायची बाजू तेवढी बदलली.

घण पडला. थेरॉनने नाणे उन्हात धरले. कोरीची दोन्ही टोके आकाशाकडे होती.

"जहाजातल्या माणसाला आता काय सांगू?"

"चौकी त्याची त्याने आणावी म्हणावं," अरिशत म्हणाली. "ही मुत्तुनची आहे."

थेरॉन हसला. "तुमची आहे."

त्याच संध्याकाळी, त्याच छिन्नीने, तिने स्मशानातल्या मुत्तुनच्या दगडावर चंद्र कोरला. या वेळी बाजू बदलावी लागली नाही.