पाचवी टाळी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मेंदूचे एक डॉक्टर राहतात. गुपचूप मागून येऊन टाळी वाजवायची त्यांना भारी खोड. "पहिलीला सगळेच दचकतात हो. तिसरीला सवय झाली, म्हणजे मेंदू ठणठणीत," असं म्हणत हसत लिफ्टमध्ये शिरतात. मी कितीतरी वेळा पास झालोय.

दिवाळीनंतर तळमजल्यावरचे काका महिन्याभरात स्वतःचं दार विसरू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. काकू म्हणाल्या, "रिटायर झाल्याचं टेन्शन, दुसरं काय." डॉक्टरांनी काकांच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. काका अख्ख्या अंगाने उडाले. पाचव्या टाळीलाही तसेच. मला हसू फुटत होतं. डॉक्टर हसले नाहीत.

"उद्याच ॲडमिट करू. बरं होण्यासारखं काही निघतंय का, ते आधी शोधू."

एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं. निघाला तो प्रायॉनचा आजार, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे मेंदू झपाट्याने पोखरणारा, फार क्वचित होणारा आणि औषध नसलेला.

माघी गणपतीला काकूंनी काकांना खुर्चीत बसवून आरतीला आणलं. डॉक्टर पुढे येऊन हळूच म्हणाले, "आज टाळ्या नकोत."

आम्ही सगळ्यांनी हात जोडून हलक्या आवाजात आरती म्हटली. डॉक्टरांनी तर हात खिशातच कोंबले होते. काका शेवटपर्यंत शांत बसले.