पंगत बसेल एवढं घर

आमचं घर बांधण्याच्या कितीतरी आधी मी ते लोकांना आतून फिरवून दाखवलं होतं.

यवतमाळच्या बाहेर, धामणगाव रोडच्या अंगाला एका नव्या ले-आउटमध्ये आम्ही प्लॉट घेतला, तेव्हा त्यावर गाजरगवताचं आणि रायमुनियाचं राज्य होतं. ते मी साफ करून घेतलं, चुन्याची फक्की आणली आणि एका रविवारी दोरी धरून जमिनीवर सबंध घर आखलं. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, संडास-बाथरूम. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. प्लॉट सगळा आपला, तर घरही सगळ्या प्लॉटवर. यात विचारण्यासारखं काही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घर सगळं माझं असलं तरी हॉल बायकोचा होता. आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, बाभुळगावला थोरल्या भावाकडे, दादाकडे बसतात. वहिनींचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी मागच्या वर्षी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ज्याला न्यायच्या असतील त्यानं न्याव्यात. बायको लगेच म्हणाली, मी नेते. त्यावर वहिनींनी एकच अट घातली.

"आपल्याकडं एकच पंगत बसते. दुसरी पंगत म्हणजे उरल्यासुरल्यांची. तुह्या घरी सगळे एका ओळीत बसत असन तर ने, नाई तर राहू दे इथंच."

आमच्या भाड्याच्या घरात एका ओळीत चौघं बसतात, तेही पाचव्याला ताट घेऊन आत येता येणार नाही अशा बेतानं. तेव्हा बायकोला घर हवं होतं ते पंगतीसाठी. बाकीच्या खोल्या मी हव्या तिथं ठेवाव्यात, तिची काही हरकत नव्हती.

फक्कीच्या रेघा मारून होतात न होतात तोच मी बाभुळगावच्या मंडळींना बोलावून घेतलं. मी दाराच्या जागी उभा राहून हात जोडले. वहिनी आपल्या सरळ चालत आल्या.

"वहिनी, तिथून नाही, ती भिंत आहे."

वहिनी थबकल्या, दोन पावलं मागं गेल्या, वळसा घालून दारातून आल्या आणि येताना चपला रेघेच्या बाहेर काढून ठेवल्या. दादा मात्र गप्पांच्या नादात तीन भिंती ओलांडून गेला आणि बाथरूममध्ये उभा राहून मोबाइलवर कोणाशी तरी कापसाचा भाव बोलत राहिला. त्याला तिथं तसंच राहू देऊन आम्ही हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. बायकोनं डब्यातून आलूपोहे आणले होते. सगळे एका ओळीत बसले आणि कुंपणाजवळ एक जागा उरलीसुद्धा. वहिनींनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि मान हलवली. बायकोचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता विटा नाही आल्या तरी चालेल.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारी डोकावला. शेजारी म्हणजे कूलर बनवणारा भाई. त्याचं घर वर्षभरापूर्वीच उभं राहिलं होतं आणि आमच्या बाजूच्या खिडकीला त्यानं लोखंडी स्टँडवर कपाटाएवढा कूलर बसवला होता.

"भाऊ, ह्या ताई बसल्या थे काय होय?"

"हॉल."

"अन् भिंत कुठी?"

"कुंपणाला लागून."

भाईनं कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे माह्या कूलरच्या नाकावर. भाऊ, मी माह्याकडून जागा सोडली. तुमीबी सोडा. कूलर मागून हवा ओढते. थ्याच्या तोंडावर भिंत आली तर नुसता चिपचिपा दम फेकते. मे महिन्यात तुमी मले शिव्या द्यान, मी तुमाले." मग त्यानं हळूच विचारलं, "परमिशन झाली का?"

मी उभा राहिलो, सगळ्या प्लॉटवरून हात फिरवला आणि म्हणालो, "जागा आपली, घर आपलं, परमिशन कोणाची?"

"असंच मीबी म्हनलो होतो," भाई म्हणाला. "नंबर घ्या इंजिनियर मॅडमचा."

मॅडम आल्या तेव्हा वयानं माझ्या पुतणीएवढ्या निघाल्या. मी दाराच्या जागी स्वागताला उभा. त्या बाजूनं आल्या त्या थेट हॉलच्या मधोमध.

"मॅडम, तुम्ही भिंतीतून आलात."

"काका, ही भिंत इथं नाहीच आहे," त्या म्हणाल्या आणि बुटाच्या टाचेनं माझी रेघ पुसली.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते कॉलेजातच कोणी सांगायला हवं होतं. प्लॉट अकृषक झाल्याचा आदेश आहे का, ले-आउट मंजूर आहे का, मोजणीचा नकाशा कुठे आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे. प्लॉट केवढा आणि रस्ता केवढा, त्यावर पुढं, मागं आणि बाजूंना किती जागा मोकळी सोडायची ते ठरतं. मंजुरी आल्याशिवाय खड्डा मारायचा नाही. जोतं झालं की ते तपासून घ्यायचं, घर झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं, मग राहायला जायचं. सांगता सांगता त्या फक्कीचा डबा घेऊन चालत होत्या आणि माझ्या घराच्या आत एक दुसरं, अंग चोरून बसलेलं घर उमटत होतं.

बायको नव्या हॉलमध्ये जाऊन बसली. मांडी घालून एक पान, सरकून दुसरं, सरकून तिसरं. भिंत आली तेव्हा वहिनींकडची अर्धी माणसं अजून बाहेर मोकळ्या जागेत होती.

"असं करू," मी आवाज खाली आणून म्हणालो, "आत्ता नकाशाप्रमाणे बांधू. नंतर बाजूनं पत्रे टाकून घेऊ. सगळे टाकतात."

"टाकतात ना," मॅडम म्हणाल्या. "मग कोणीतरी तक्रार करतं, नोटीस येते, आणि पाडायला मजूर आपल्यालाच शोधावे लागतात."

कुंपणापलीकडे कोणीतरी उगीच खोकलं.

मी नोटीस आल्यावर काय काय करता येईल ते सांगणार होतो, पण बायको उठून उभी राहिली. "मले महालक्ष्म्या नोटिशीखाली नाई बसवाच्या," ती म्हणाली. एरवी ती शहरातल्यासारखं बोलते. वऱ्हाडी आलं की मी गप्प बसतो.

ती बराच वेळ रेघांमधून फिरली. मग हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या रेघेवर थांबली.

"मॅडम, ही भिंत कोणाच्या नियमात आहे?"

"ही कोणाच्याच नियमात नाही. ही काकांची आहे."

"मग काढा."

मी म्हणालो, फोडणीचा ठसका पाहुण्यांच्या नाकात जाईल. ती म्हणाली, पाहुणे त्यासाठीच येतात. अशा रीतीनं माझ्या घरातली एक भिंत नियमानं गेली आणि एक बायकोनं. पंगत आता हॉलच्या भिंतीकडून निघून कोपऱ्यावर वळत स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जात होती. सगळी माणसं बसत होती, पण ओळ सरळ राहिली नव्हती. बायको वहिनींना ताई म्हणते. तिनं मला बजावलं, "ताईंना हे आपण सांगायचं नाही. त्या येतील तेव्हा पाहतील."

अर्ज गेला. एकदा परत आला, कारण नकाशात दाखवलेला रस्ता आणि ले-आउटमधला रस्ता यांचं आपसात जमत नव्हतं. मॅडमनी ते जमवून पुन्हा पाठवला. मधल्या काळात दादानं दोन मुहूर्त काढून दिले आणि बायकोनं दोन्ही मोडले. मंजुरीच्या आधी कुदळ लावायची नाही, ग्रहांना थांबायला सांगा, असा तिचा निरोप मी जसाच्या तसा बाभुळगावला कळवला. दादा आठवडाभर माझ्याशी तुटक बोलला.

मंजुरी आली त्या दिवशी मी नकाशावरचा शिक्का भाईला कुंपणावरून दाखवला. त्यानं तो हातात घेऊन नीट पाहिला आणि कूलरकडे वळवून धरला, जणू त्यालाही वाचता यावं.

भूमिपूजनाला वहिनी आल्या. फक्की पुन्हा ताजी मारली होती. पूजा झाली, नारळ फुटला, आणि वहिनी रेघांकडे पाहू लागल्या. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं होतं ते सोडतच नव्हती.

"मागच्या टाइमले मोठं होतं ना हे?" वहिनी म्हणाल्या.

"नियमानं जागा सोडावी लागली, ताई," बायको म्हणाली. "पंगत एकच बसते. पण वळते."

"वळते म्हंजे?"

बायकोनं हातानं दाखवलं. इथून सुरू, इथं कोपरा, तिथं ओटा. मी नाटकी आवाजात काहीतरी भर घालणार होतो. तिनं माझ्या पायावर पाय ठेवला.

वहिनी चालत त्या कोपऱ्यात गेल्या आणि गुडघे धरून हळूहळू खाली बसल्या. डावीकडे पाहिलं, हॉलच्या टोकापर्यंत. उजवीकडे पाहिलं, ओट्यापर्यंत. दादा म्हणाला, "उठ आता, साडी मातीत भरून राह्यली."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "आपल्या घरी शेवटच्या पानाले कढी पोचली का नाई थे पाहाले मले दरवर्षी उठा लागते. इथून दोन्हीकडचं वाढणं दिसते." मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मी इथंच बसन. अन् एकदा बसली का उठणार नाई, आधीच सांगून ठेवतो."

बायको सतरंज्यांकडे वळली. तिनं सतरंजीची घडी आणली आणि त्या कोपऱ्यात वहिनींच्या पाठीमागे, जिथं भिंत यायची होती तिथं, टेकायला लावून दिली.